पासंगाचा गोटा

२० ऑगस्ट २०१६, शनिवार

पोचले एकदाची जर्मनीला! विमानात दोन वेळा जेवले, तिसऱ्यांदा विचारलं तर तेही घेतलं. शेजारची बाई हसली, हसू दे. फुकटचं नाही, माझ्या अनुपने तिकीट काढलंय.

ही वही हर्षाने दिली. हर्षा म्हणजे माझी नात, आठ वर्षांची. वहीवर पांढरा घोडा आहे. सूनबाई धम्मदीपा म्हणाली, आई, रोज काहीतरी लिहा, अक्षर सुटेल. मी लिहायला शिकले पंचेचाळिसाव्या वर्षी, विहारातल्या बायकांच्या वर्गात. तोवर अंगठा. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. आता कोणाला म्हणते मी सांभाळून घ्या, वाचणार आहे कोण!

गावाचं नाव गेर्लिंगेन. टेकडीवर जंगल, खाली कंपनी, मधे आम्ही. घर वरच्या मजल्यावर, लाकडी जिना, चौदा पायऱ्या. चौथी पायरी करकर वाजते. खालच्या घरमालकीण म्हातारीला त्यावरूनच कळतं म्हणे की कोणीतरी आलं. मांजर सोडून सगळ्यांना वाजते. हर्षा तर मुद्दाम त्या पायरीवर दोनदा उडी मारते, मी आले हे सांगायला. आज माझ्यासाठी चारदा मारली.

पोरीला मराठी कळतं पण बोलते जर्मन. मी विचारलं, जेवलीस का गं, तर म्हणाली जा. मी म्हटलं, अगं आत्ता तर आले, जा काय म्हणतेस! सगळे पोट धरून हसले. जा म्हणजे हो.

बॅगेतून लोणचं, ज्वारीचं पीठ, हळद आणि ह्यांचा गोटा काढला. हे म्हणजे हर्षाचे आजोबा, सुदाम. दोन वर्षं झाली जाऊन. दारव्ह्याच्या बाजारात आमचं भाजीचं दुकान, दुकान कसलं, गोणपाट आणि तराजू. तराजूचं एक पारडं हलकं होतं, तर तिकडे ह्यांनी सुतळीने काळा गोटा बांधला होता. त्याला पासंग म्हणतात. दोन्ही पारडी सारखी व्हायला हलक्या बाजूला द्यायचं वजन. जाताना हे म्हणाले होते, गया, ती गाठ सोडू नको, तराजू माळ्यावर तसाच राहू दे. पण अख्खा तराजू बॅगेत मावतो का? दांडीच हातभर. मी गाठ सोडली आणि नुसता गोटा आणला. आठवण म्हणून. विमानतळावरच्या पोऱ्याने विचारलं, आजी हे काय? म्हटलं, नवरा आहे. तो घाबरला बिचारा.

२७ ऑगस्ट, शनिवार

काल मजा झाली. अनुपच्या ऑफिसात एक खेळ चालतो, टिपश्पील. दर आठवड्याला फुटबॉलचे नऊ सामने, कोण जिंकणार ते आधी कागदावर लिहून द्यायचं. पैशाबिशांचा नाही, जिंकेल त्याच्या टेबलावर आठवडाभर एक पितळी कप ठेवतात. अनुप तीन वर्षांत कधी पहिल्या दहात आला नाही.

पण नुसतं कोण जिंकणार एवढं लिहून भागत नाही. तगडा संघ आणि लिंबूटिंबू संघ असेल तर लिंबूटिंबूला कागदावर आधीच दोन गोल दिलेले. म्हणजे तगड्याने तीनने जिंकलं तरच तो जिंकला म्हणायचा. अनुप हँडिकॅप, हँडिकॅप करत धम्मदीपाला समजावत होता, तिला कळेना. एवढी इंजिनेर बाई! मी पोळी लाटता लाटता म्हटलं, अरे पासंगच की हा. हलक्या पारड्याला गोटा. अनुप तोंडच वासून बघत राहिला.

मग हर्षा कागद घेऊन माझ्याजवळ बसली. नावं मला वाचता येत नाहीत, तर तिने रंगाने सांगितलं. लाल, हिरवे, पिवळेकाळे. मी आपली गंमत म्हणून दोन्ही हात पसरले, उजव्या हातावर लाल, डाव्यावर हिरवे, आणि हिरव्यांना गोल दिलेले म्हणून डाव्या हातावर ह्यांचा गोटा. हे असंच करायचे, शंकरपटात. कोणती बैलजोडी किती हातांनी पुढे जाईल ते गोटा घेऊन सांगायचे.

आणि खरंच सांगते, हात आपोआप खाली गेला. नऊच्या नऊ वेळा. कधी हा, कधी तो. हर्षा टाळ्या पिटत म्हणायची, नोख आइनमाल आजी. म्हणजे पुन्हा एकदा.

२८ ऑगस्ट, रविवार

नऊच्या नऊ बरोबर! अनुपने मला उचलून फिरवलं. कंबर गेली माझी.

१२ सप्टेंबर, सोमवार

मधे एक शनिवार सामने नव्हते. परवा पुन्हा नऊ. अनुपच्या टेबलावर कप आला. त्याच्याशी कधी न बोलणारा साहेब कॉफी घेऊन आला म्हणे आणि विचारलं, तुझं रहस्य काय? ह्याने सांगितलं, माझी आई. कोणी विश्वास ठेवेना. धम्मदीपा म्हणाली, योगायोग आहे आई, गणितात असं होतं. असेल. आमच्या घरात अंगारे धुपारे, देवदेवस्की काही चालत नाही, माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली सगळं नदीत सोडलं. मी पण काही मानत नाही. हात खाली जातो, मी काय करू?

मला कपाचं नाही कौतुक. पोरगी आता माझ्याजवळ झोपते. एक ते दहा मला जर्मनमध्ये येतं आणि ती मला मराठीत विचारते, आजी, कुठला हात? तीन शब्दांचं का होईना, मराठी. शुक्रवारची वाट ती माझ्यापेक्षा जास्त बघते.

शाळा सुरू झाली तिची. दप्तर केवढं जड.

१८ सप्टेंबर, रविवार

नऊ. हर्षाचा घागरा कमरेत सैल झाला, पिन लावून दिला. वाढत्या वयात पोरं उंच होतात आणि बारीक दिसतात. मी भाकरीवर तूप जास्त घालते. ती खाते, चांगली दोन दोन भाकरी खाते.

गोटा हातावर आता जरा जड लागतो. म्हातारपण.

२५ सप्टेंबर, रविवार

पुन्हा नऊ. ऑफिसात अनुपला आता सगळे हाक मारतात, जेवायला सोबत नेतात. तीन वर्षं हा एकटा डबा खायचा, हे मला आज सांगितलं त्याने. आईला फोनवर म्हणायचा, मस्त चाललंय.

आज एक बारीकशी गोष्ट. हर्षा जिन्यावरून आली आणि मला कळलंच नाही. एकदम स्वयंपाकघरात उभी. म्हटलं, अगं उडी नाही मारलीस? म्हणाली, मारली, दोनदा.

मी भांडी घासत होते, नळ चालू होता. त्यामुळे असेल.

२८ सप्टेंबर, बुधवार

शाळेतून निरोप आला, पोरगी खेळताना दमते. धम्मदीपा डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. उन्हाळ्यात वजन पंचवीस किलो होतं, आज साडेबावीस. रक्त तपासलं, सगळं चांगलं. बाई म्हणाल्या, पंधरा दिवसांनी या.

धम्मदीपा रात्रीचं जेवली नाही. मी म्हटलं, अगं भरेल पोरगी. तिने माझा हात घट्ट धरला. एरवी हात धरणारी नाही ती.

२ ऑक्टोबर, रविवार

नऊ. अनुपशिवाय कोणाला आनंद नाही, आणि त्यालाही उसना. वजन साडेएकवीस.

९ ऑक्टोबर, रविवार

ह्या शनिवारी देशादेशांचे सामने, म्हणून ऑफिसचा कागद नाही. पोरगी तेवढीच आहे. साडेएकवीस. कमी नाही झाली! मी हरखले. जिन्याखाली उभी राहून तिला वर चढायला लावलं.

चौथी पायरी वाजली नाही.

तिच्या मागून मी चढले. वाजली.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज धम्मचक्र दिन. खीर केली, वंदना घेतली, हर्षाने पांढरा फ्रॉक घातला. दोन वाट्या खीर खाल्ली. मग कागद घेऊन आली. धम्मदीपा नको म्हणत होती, मीच म्हटलं, असू दे गं, पोरीचा तेवढाच विरंगुळा. मीच म्हटलं.

हात पसरले. गोटा उचलायला मला दोन्ही हात लागले.

१६ ऑक्टोबर, रविवार

नऊ. वजन वीस.

१९ ऑक्टोबर, बुधवार

सगळे दवाखान्यात गेले होते. मी गोटा धम्मदीपाच्या केक मापायच्या काट्यावर ठेवला. काट्याने आकडाच दाखवला नाही, पाच किलोच्या वर तो दाखवत नाही. मग न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवला. पाच किलो दोनशे.

हा गोटा पाव किलोचाही नव्हता. दोनशे ग्रॅम. हे बाजारात शपथेवर सांगायचे. आकार अजून तेवढाच आहे, माझ्या मुठीत मावतो.

पंचवीसातून वीस गेले. पाच.

मी शाळा शिकले नाही पण भाजी विकली आहे. वजाबाकी मला येते.

२० ऑक्टोबर, गुरुवार

आज सगळं लिहिते, कारण बोलायला कोणी नाही.

अनुपच्या आधी आम्हाला मुलगी होती. सुधा. नऊ वर्षांची. त्या हिवाळ्यात ह्यांनी शंकरपटातली एकूण एक जोडी बरोबर सांगितली होती. गावोगावचे लोक घरी यायचे, ह्यांना खुर्ची द्यायचे. आमच्यासारख्याला कोण खुर्ची देतं त्या काळात? ह्यांना केवढा आनंद. आणि सुधा वाळत गेली. यवतमाळला नेलं, नागपूरला नेलं. आजार सापडला नाही. गेली तेव्हा तिला मी एका हातावर घेतलं होतं. नऊ वर्षांची पोर, एका हातावर.

त्यानंतर ह्यांनी पट बघितला नाही. गोटा तराजूला बांधला, सात गाठी मारून. मला वाटलं, दुःखाने सोडलं. का सोडलं ते कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आणि हे स्वतः त्या वर्षीपासून कसे झाले होते! शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा. तिरडी उचलली तेव्हा खांदेकरी एकमेकांकडे बघायला लागले. एक हळूच म्हणाला, आत माणूस आहे ना?

ह्यांनी पोरीला स्वतःचं वजन द्यायचा प्रयत्न केला असेल. उशिरा. मला आत्ता कळतंय. त्यानंतर तीस वर्षं एका ताटात जेवले आणि आत्ता कळतंय.

गाठी मी सोडल्या. सातही. कात्रीने कापल्या असत्या तर एक क्षण थांबून विचार तरी केला असता, पण मी बसून एकेक नखाने सोडली, सुतळी वाया जाऊ नये म्हणून.

२२ ऑक्टोबर, शनिवार

कागदाला हात लावला नाही. अनुपला म्हटलं, हात दुखतो. तो हिरमुसला. कप दुसऱ्याकडे गेला.

वजन वीस. कमी नाही. पण वाढतही नाही, कितीही खाऊ घाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच राहिलं तर काळजाला झेपणार नाही.

धम्मदीपाला सांगू का? काय सांगू? ती शास्त्र शिकलेली बाई. आणि सासऱ्यांनी नदीत सोडलेलं मी बॅगेत घालून आणलं, हे कोणत्या तोंडाने?

२४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी जंगलाच्या कडेच्या ओढ्यात गोटा टाकून आले. उचलताना जीव गेला.

दुपारी शाळेतून फोन. हर्षा वर्गात पडली.

मी धावले. थंड पाण्यात गुडघाभर उभी राहून शोधला. एक कुत्रेवाला बाबा बघत उभा होता, काहीतरी ओरडला. सापडला. छातीशी धरून आणला. तिचंच वजन आहे ते. तिचंच मी पाण्यात टाकलं होतं.

आता दवाखान्यात ठेवलंय तिला. अठरा किलो.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

भेटून आले. नळ्या लावल्यात. माझ्याशी पूर्ण मराठीत बोलली. म्हणाली, आजी, तू इथेच राहा, भारतात जाऊ नको. सगळं वाक्य. एकही चूक नाही.

दोन महिने मी हेच मागत होते.

धम्मदीपा बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली. मी तिला धरलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, आई, तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे.

मी आहे म्हणून—

२९ ऑक्टोबर, शनिवार

सुचलं. पासंग देणारा कोण तेच तर बदलायचं. आजवर वजन कोणाचं घ्यायचं ते नाव मी घातलं नाही, म्हणून गोट्याने घरातलं सगळ्यात कोवळं घेतलं.

अनुपकडून कागद मागून घेतला. नऊ ओळी सोडल्या कोऱ्या. खाली दहावी मीच आखली. हर्षा एकीकडे, आजी दुसरीकडे. हर्षाला अर्धा गोल पुढे. जिंकणार कोण, तिथे हर्षा लिहिलं. एका हातावर तिचा मोजा घेतला, दुसऱ्या हातावर माझी बांगडी. गोटा मोज्यावर.

हात गेला. मोज्याचा.

३० ऑक्टोबर, रविवार

साडेअठरा! डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण. अनुप माझ्या गळ्यात पडून रडला, लहानपणी पडायचा तसा.

माझी चप्पल सैल झाली. एक बांगडी कोपरापर्यंत जाते. गोटाही हलका झाला, अर्धा किलोने.

१ नोव्हेंबर, मंगळवार

हिशेब करते. तिचे अजून साडेसहा किलो. पुढच्या शनिवारी, बारा तारखेला, सामने नाहीत. पंधराला माझं परतीचं तिकीट, व्हिसा संपतो. म्हणजे मला एकच शनिवार. पाच तारीख.

अर्धा गोल दिला तर माझं किती गेलं, न्हाणीघरातल्या काट्यावर बघितलं. पाच किलो. गोटा स्वतःचं काढून घेतो मधल्या मधे. देताना दसपट.

मी बेचाळीस होते. आता सदतीस.

असो.

३ नोव्हेंबर, गुरुवार

लोणच्याची बरणी भरून ठेवली. ज्वारीचं पीठ किती आणि पाणी किती ते धम्मदीपाच्या वहीत लिहिलं. अनुपला सांगितलं, आता डबा एकट्याने खायचा नाही, कप असो नसो.

सुतळीच्या सात गाठी कशा मारायच्या तेही लिहिलं. शेवटच्या पानावर. धम्मदीपा शास्त्र शिकलेली आहे, पण तिला मी सांगितलं की ऐकते. गोटा कपड्यांच्या हँगरला बांधायचा, घट्ट, आणि कोणी सोडायचा नाही. आठवण म्हणून पण नाही.

५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारचे तीन. दवाखान्याने आज दोन तासांसाठी घरी आणायला परवानगी दिली. तिघं येतायत. मी घरी थांबले, खीर करायची म्हणून. खीर झाली.

सकाळी जिना उतरले. चौथी पायरी अजून वाजली. हळू, पण वाजली.

कागद पुढे आहे. दहावी ओळ. हर्षा. आजी. हर्षाला साडेसहा पुढे. अक्षर चांगलं आलं. विहारातल्या बाई म्हणाल्या असत्या, गयाबाई, छान.

साडेतीन. खालच्या म्हातारीच्या टीव्हीवर शिट्टी वाजली. सामने सुरू.

मोजा इकडे. बांगडी तिकडे. गोटा—

हात जातोय. मोज्याचा. जाऊ दे.

चार. बांगड्या गळून पडल्या. सगळ्या. आवाज नाही झाला.

पेन जड. दोन्ही हातांनी धरलंय.

ह्यांचा शर्ट आठवतो. खुंटीवरचा. तुम्ही एकटे कसे हो बसला असाल तेव्हा. सांगायचं होतं मला.

गाडी आली. दार लागलं गाडीचं. अनुपचा आवाज— उचलून घेतो म्हणतोय. ती नाही म्हणतेय. नाईन, नाईन. मी चालते.

एक पायरी. दोन.

पडदा हलतोय. मला खिडकी लावायला हवी होती, वारा—

तीन.

करकर.

करकर.

दोनदा! दोनदा मारली उडी, आली बाई माझी, आले गं, दार उघडते, थांब, पाय टेकत नाहीत जमिनीला जरा—